दातांची साक्ष

इतिहासाचे साधन म्हटले की आपणांपैकी बहुतेकांच्या मनापुढे प्रथम दप्तर उभे राहते. रुमालात बांधलेले कागद, मोडी अक्षरे, सनदा, यादी, जमाखर्च. असे कागद ज्यांनी हाताळले आहेत त्यांस एक गोष्ट ठाऊक असते: कागदावर दिसणारी प्रत्येक खूण लेखकाचीच असते असे नाही. कसरीने पाडलेले भोक एखाद्या वेळी अनुस्वारासारखे दिसते, पाण्याचा डाग शाईसारखा भासतो, आणि घडीवर विरलेला कागद एखादा आकडाच खाऊन टाकतो. म्हणून जाणता वाचक मजकूर लावण्यापूर्वी एवढेच विचारतो की, ही खूण कोणाची?

लेखनकला जन्मास येण्यापूर्वीच्या लाखो वर्षांचा इतिहास ज्यांना वाचावयाचा असतो, त्यांचे दप्तर म्हणजे दगड आणि हाडे. दगडाची हत्यारे टिकतात, पण ती मुकी असतात. प्राणी कोणी मारला, कोणी खाल्ला, आणि मनुष्य त्या पंक्तीत कोठे बसला होता, हे सांगतात ती हाडे. मात्र हाडांवर माणसाच्या हत्याराची खूण उमटते तशी तरसाच्या दाढेचीही उमटते, बिबळ्याच्या सुळ्याची उमटते, साळिंदराच्या पटाशीच्या दातांचीही उमटते. ह्या खुणा एकमेकींपासून वेगळ्या कशा ओळखावयाच्या, ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास विद्वानांना सुमारे दोनशे वर्षे लागली. आणि त्या शोधात मनुष्यजातीच्या स्वतःविषयीच्या कल्पनाच एकदोनदा उलट्या झाल्या. तो इतिहास आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

आरंभ इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यात होतो. १८२१ च्या उन्हाळ्यात कर्कडेल येथे चुनखडी काढणाऱ्या मजुरांना एका गुहेचे तोंड लागले. आत हाडांचा खच होता. साथीत मेलेल्या गुरांची हाडे असावीत असे समजून त्यातील काही रस्त्याच्या दुरुस्तीसाठी टाकण्यातही आली. पुढे जाणकारांची नजर त्यांवर पडली आणि ती हत्ती, गेंडा, पाणघोडा व तरस ह्यांची हाडे आहेत असे आढळले. इंग्लंडच्या थंड भूमीत हे प्राणी आले कोठून? त्या काळी उत्तर तयार होते: बायबलातील जलप्रलयाने उष्ण देशांतील कलेवरे वाहत आणली.

ऑक्सफर्ड विद्यापीठात भूशास्त्र शिकविणारे विल्यम बकलंड हे स्वतः धर्मोपदेशक होते आणि प्रलयावर त्यांची श्रद्धा होती. १८२१ च्या डिसेंबरात त्यांनी गुहा पाहिली. तिचे तोंड इतके लहान होते की हत्ती वा गेंडा आत शिरणे अशक्य. हाडे फुटलेली होती, पण पाण्याने घासून गुळगुळीत झालेली नव्हती. दात मात्र विपुल होते, आणि त्यांतही तरसांचे फार. नळीच्या हाडांची मऊ टोके गायब होती आणि उरलेल्या भागांवर दातांचे ठसे होते. बकलंड यांनी अनुमान केले की ही प्रलयाची रास नव्हे, हे तरसांचे बिऱ्हाड आहे. आसपास राहणाऱ्या प्राण्यांचे अवयव तरसांनी ओढून आत आणले.

त्यांचे मोठेपण अनुमानात नाही, पडताळ्यात आहे. एका फिरत्या प्राणिसंग्रहातील जिवंत तरसापुढे त्यांनी बैलाच्या नळीचे हाड टाकविले आणि त्याने ते कसे फोडले, काय खाल्ले, काय टाकले हे बारकाईने पाहिले. उरलेले तुकडे गुहेतील तुकड्यांशेजारी ठेवले तेव्हा दोहोंत फरक करणे कठीण झाले. गुहेत सापडलेले पांढरट गोळे त्यांनी प्राणिसंग्रहाच्या रखवालदारास दाखविले. त्याने ती तरसाची विष्ठा म्हणून ओळखली. १८२२ मध्ये त्यांनी रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला आणि त्याच वर्षी त्यांना कोप्ले पदक मिळाले. गुहेतील चिखलाचा थर प्रलयाचाच, असे ते त्या वेळीही म्हणत होते; पण १८३६ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी तो आग्रह सोडला. वर्तमानात डोळ्यांनी पाहिलेल्या कृतीवरून भूतकाळातील खूण वाचावयाची, ही रीत मात्र कर्कडेलने घालून दिली.

ह्या रीतीचा संबंध आपल्या प्रदेशाशीही लवकरच आला. आजच्या आंध्र प्रदेशातील बेटमचेर्ला गावाजवळ बिल्लासुर्गम नावाच्या गुहा आहेत. तेथील हाडांच्या थरांविषयी कॅप्टन न्यूबोल्ड यांनी १८४४ मध्ये लिहिले होते. चाळीस वर्षांनी, १८८४ मध्ये, भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट तेथे पोहोचले आणि पुढील उत्खनन त्यांचे चिरंजीव हेन्री यांनी केले. फूट हे नाव आपल्या अनेक वाचकांस परके वाटू नये. १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरम येथे भारतातील पहिले पुराश्मयुगीन हत्यार ओळखणारे ते हेच. बेळगाव जिल्ह्यात गोकाकजवळ मिळालेल्या प्राचीन गेंड्याच्या अश्मीभूत हाडांचे वर्णन त्यांनी १८७४ मध्ये प्रसिद्ध केले, १८७६ मध्ये दक्षिण महाराष्ट्र देशाच्या भूरचनेवर ग्रंथ लिहिला, आणि निवृत्तीनंतर बडोदे संस्थानची भूशास्त्रीय पाहणी करून १८९८ मध्ये तिचा अहवाल दिला. बेळगाव, बडोदे आणि कर्नूल ह्या तिन्ही ठिकाणच्या भूमीचा हा एकच वाचक होता.

बिल्लासुर्गमच्या गुहांत फूट पितापुत्रांना हाडांचे पुष्कळ तुकडे मिळाले आणि त्यांतील बरेच माणसाने घडविलेली हत्यारे आहेत असे त्यांचे मत पडले. प्राण्यांच्या अवशेषांची छाननी रिचर्ड लायडेकर यांनी १८८६ मध्ये केली. त्यांच्या यादीत आज केवळ आफ्रिकेत उरलेला ठिपकेवाला तरस आहे आणि साळिंदरही आहे. येथेच गाठ बसते. ज्या गुहेत हाडे फोडणारा तरस आणि हाडे कुरतडणारे साळिंदर ह्या दोघांचा वावर होता, त्या गुहेतील टोकदार हाड माणसाचे हत्यार की श्वापदाचे उच्छिष्ट? एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न विचारता येत होता, पण निर्णय देण्याची साधने हाती नव्हती.

तीच अडचण चीनमध्ये उभी राहिली. बीजिंगजवळील झोउकोउदियन येथे १९२९ मध्ये पेई वेनझोंग यांना आदिमानवाच्या कवटीचा वरचा भाग मिळाला. तेथील कवट्यांचे तळ फुटलेले होते, म्हणून फ्रांझ वायडनराइख यांनी हे नरभक्षणाचे चिन्ह मानले. त्याच स्थळाच्या मोडक्या हाडांत हेन्री ब्रॉय ह्या फ्रेंच पंडितांना हत्यारे दिसली. खुद्द पेई मात्र साशंक होते. १९३८ मध्ये त्यांनी फ्रेंच भाषेत एक प्रबंध लिहून प्राणी आणि नैसर्गिक कारणे ह्यांनी हाडे कशी फुटतात हे दाखविले. पुढे २००० सालाच्या सुमारास तेथील मानवी अवशेषांची पुन्हा तपासणी झाली तेव्हा बहुतेकांवर मोठ्या तरसाच्या दातांची चिन्हे आढळली. ज्यांस आपण नरभक्षक ठरविले, ते स्वतःच तरसाचे भक्ष्य ठरले.

दरम्यान ह्या विद्येला नाव मिळाले होते. १९४० मध्ये इव्हान येफ्रेमॉव्ह ह्या रशियन पुराजीवशास्त्रज्ञाने दफन आणि नियम ह्या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ‘टॅफॉनॉमी’ हा शब्द घडविला. प्राणी मेल्यापासून त्याचे हाड संशोधकाच्या हाती येईपर्यंत त्याचे काय काय होते, त्याचा हा अभ्यास. साहित्यप्रेमी वाचकांस सांगावयास हवे की हे येफ्रेमॉव्ह विज्ञानकादंबरीकार म्हणूनही ख्यातनाम होते.

आता आपण ह्या कथेच्या सर्वांत नाट्यपूर्ण भागाकडे येतो. दक्षिण आफ्रिकेतील शरीरशास्त्रज्ञ रेमंड डार्ट यांनी १९२५ मध्ये तौंग येथील बालकाची कवटी जगापुढे आणून मानवाच्या आफ्रिकी उगमाचा पुरावा दिला होता. पुढे माकापान्सगाट येथील गुहेतील हजारो हाडे तपासताना त्यांना एक विलक्षण विषमता दिसली. काही अवयव फार होते, काही जवळपास नव्हतेच. पुढच्या पायाच्या वरच्या हाडाचे खालचे टोक विपुल, वरचे टोक दुर्मीळ. शेपटीचे मणके तर नाहीतच. डार्ट यांनी अर्थ लावला की आदिमानवाने उपयोगी हाडे निवडून आणली: नळीची हाडे सोट्यासारखी, जबडे करवतीसारखे. १९५७ मध्ये त्यांनी हाड, दात आणि शिंग यांच्या ह्या ‘संस्कृती’वर ग्रंथच लिहिला. ह्या मताप्रमाणे मनुष्याचा पूर्वज जन्मतःच रक्तपिपासू शिकारी ठरत होता. दोन महायुद्धांनी होरपळलेल्या जगास हे चित्र पटले. रॉबर्ट आर्ड्री यांच्या १९६१ च्या लोकप्रिय पुस्तकाने ते घरोघर नेले. हिंसा आपल्या रक्तातच आहे असे म्हणण्यास जणू शास्त्राचा आधार मिळाला.

ह्या मताची परीक्षा सी. के. ब्रेन यांनी केली आणि तीही एका अगदी साध्या ठिकाणी. नामिबियातील कुइसेब नदीकाठच्या वस्त्यांत लोक शेळ्या पाळीत, खात आणि हाडे कुत्र्यांपुढे टाकीत. ब्रेन यांनी १९६० च्या दशकात ती टाकलेली हाडे वेचून मोजली. तेथेही तीच विषमता निघाली! पुढच्या पायाच्या त्या हाडाचे खालचे टोक लवकर पक्के व घट्ट होते, म्हणून उरते. वरचे टोक उशिरा जुळते, मऊ व चरबीयुक्त असते, म्हणून कुत्रे ते प्रथम खातात. निवड करणारा मनुष्य नव्हता. हाडाचा टणकपणा आणि जनावराचे दात ह्यांनीच ती निवड केली होती.

त्यापुढचा पुरावा स्वार्टक्रान्स गुहेतील आहे. १९४९ मध्ये तेथे एका अल्पवयीन आदिमानवाच्या कवटीचा तुकडा मिळाला होता, एसके ५४ ह्या क्रमांकाचा. त्यावर दोन वाटोळी छिद्रे होती. ब्रेन यांनी त्याच गुहेत मिळालेला बिबळ्याचा खालचा जबडा त्या छिद्रांवर ठेवला. दोन्ही सुळे बरोबर बसले. १९७० मध्ये हे प्रसिद्ध झाले. बिबळ्या आपली शिकार झाडावर नेतो. त्या उघड्या माळरानावर झाडे वाढतात ती गुहांच्या विवरांच्या तोंडाशी. खाऊन टाकलेले अवशेष खाली गुहेत पडतात. म्हणजे गुहेतील हाडांची रास ही शिकाऱ्याच्या घराची नव्हे, शिकार झालेल्यांची होती. १९८१ मध्ये आलेल्या ब्रेन यांच्या ग्रंथाने हा विचार पक्का केला. तौंगच्या बालकाविषयीही पुढे असेच घडले. १९९५ मध्ये ली बर्गर आणि रॉन क्लार्क यांनी त्यास मोठ्या गरुडाने नेले असावे असे सुचविले. २००६ मध्ये आयव्हरी कोस्टमधील गरुडांच्या घरट्यांखालील माकडांच्या कवट्यांवर आढळणाऱ्या खुणांशी त्या बालकाच्या नेत्रकोटरातील खुणा जुळतात असे दाखविले गेले.

ही ओळख प्रत्यक्षात पटविली कशी जाते? दातांच्या खुणांचे स्थूलमानाने चार प्रकार केले जातात. दाताच्या दाबाने हाडाचा पृष्ठभाग चेपला तर खळगा होतो. दात आरपार घुसला तर छिद्र पडते. दात हाडावरून घसरला तर ओरखडा उठतो. आणि मऊ टोक पुन्हापुन्हा कोरून खाल्ले तर चर पडतात. लुइस बिनफर्ड यांनी १९८१ मध्ये आणि गॅरी हेन्स यांनी १९८३ मध्ये ह्या खुणांची पद्धतशीर वर्णने दिली. तरसाच्या उपदाढा हाड फोडण्यासाठीच घडलेल्या असतात. तो नळीच्या हाडाची दोन्ही टोके खाऊन मधला दंडगोल टाकतो, आणि त्याने गिळलेले तुकडे पोटातील आम्लाने झिजून बाहेर पडतात. वाघ, सिंह, बिबळ्या ही मार्जारकुळी मुख्यतः मांस खाते. तिच्या खुणा थोड्या व विखुरलेल्या असतात. लांडगा व कुत्रा चघळीत बसतात. साळिंदराच्या पटाशीच्या दातांनी समांतर, सपाट तळाचे चर पडतात. मगरीच्या दातास धार असल्याने तिने केलेल्या काही खळग्यांच्या मधोमध एक रेघ दिसते.

येथे एक तर्क लक्षात ठेवण्यासारखा आहे. फार मोठा खळगा दिसला तर लहान प्राणी यादीतून वगळता येतो. कारण कोल्ह्याच्या दाताने तो पडणारच नाही. पण लहान खळगा दिसला म्हणून मोठा प्राणी वगळता येत नाही. सिंहाचाही एखादा दात हलकासा टेकतो, आणि सिंहाला बछडी असतात. शिवाय एकाच दाताचा ठसा मऊ टोकावर मोठा आणि घट्ट नळीवर लहान उमटतो. म्हणून एका खुणेवरून कधीच निवाडा करीत नाहीत. अनेक खुणा, त्या हाडाच्या कोणत्या भागावर आहेत, कोणते अवयव उरले आणि कोणते नाहीत, हे सर्व एकत्र पाहावे लागते.

माणसाच्या हत्याराची खूण निराळी. दगडाच्या धारेने पडलेली रेघ अरुंद, तळाशी निमुळती असते आणि तिच्या आत बारीक समांतर रेषा असतात. दाताचा ओरखडा रुंद व गोलसर तळाचा असतो. १९८१ मध्ये टांझानियातील ओल्डुवाई येथील सुमारे अठरा लाख वर्षांपूर्वीच्या हाडांवर अशा दगडी हत्यारांच्या खुणा दाखविल्या गेल्या. काही हाडांवर दोन्ही खुणा एकमेकींवर आलेल्या आहेत. वरची कोणती आणि खालची कोणती हे कळले की प्रथम कोण आला हेही कळते: माणूस सिंहाचे उष्टे खात होता, की तरस माणसाचे. रॉबर्ट ब्लूमेन्शाइन यांनी आफ्रिकेच्या रानात प्रयोग करून दाखविले की श्वापदांनी प्रथम खाल्लेल्या हाडांच्या नळ्यांवर दातांच्या खुणा पुष्कळ असतात. माणसाने मज्जेसाठी फोडलेल्या हाडांची टोके पुढे तरस खातो, पण रिकाम्या नळीकडे फारसा वळत नाही. तेथील आदिमानव उष्ट्यावर जगत होता असे त्यांनी अनुमान काढले. स्पॅनिश संशोधक मानुएल डोमिंगेस-रोड्रिगो यांनी त्यास हरकत घेतली. ज्यांना दातांच्या खुणा म्हटले त्यांतील अनेक बुरशी व मुळांनी केलेल्या आहेत असे त्यांचे म्हणणे. दप्तरातील कसरीची आठवण होते ती येथे!

वाद कसा राहतो ह्याचे आणखी एक उदाहरण संगीताच्या इतिहासातील आहे. स्लोव्हेनियातील दिव्ये बाबे गुहेत १९९५ मध्ये गुहावासी अस्वलाच्या पिलाचे एक मांडीचे हाड मिळाले. त्यास ओळीने छिद्रे होती. शोधकर्ते इव्हान तुर्क यांनी ती निआंडर्थल मानवाची बासरी मानली; इतरांनी ती श्वापदाच्या दातांची छिद्रे मानली. ते हाड ल्युब्ल्याना येथील राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि वाद मिटलेला नाही. एकीकडे जगातले पहिले वाद्य, दुसरीकडे तरसाचे उच्छिष्ट: दोन छिद्रांच्या वाचनावर केवढे अंतर अवलंबून असते!

अलीकडे त्रिमितीय मोजमाप आणि संगणकाने शिकून केलेली ओळख ह्यांचा उपयोग होऊ लागला आहे. २०२५ मध्ये ओल्डुवाईच्या दोन आदिमानवांच्या अवशेषांवरील खुणा ह्या रीतीने तपासून त्या बिबळ्याच्या असल्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तथापि यंत्रास शिकविणारे नमुने जिवंत श्वापदांनी खाल्लेल्या हाडांचेच असतात. म्हणजे मूळ रीत बकलंड यांचीच.

कर्नूलच्या गुहांकडेही विद्वान परतले. १९७० च्या दशकात एम. एल. के. मूर्ती यांनी त्या भागातील मुच्छट्ला चिंतामणुगवी येथे उत्खनन करून हाडांची हत्यारे दगडी हत्यारांसोबत एकाच थरात दाखविली. तेथील चुलीचा काळ सुमारे १७,००० वर्षांपूर्वीचा ठरला. जेथे चूल, दगडी हत्यार आणि घडविलेले हाड एकत्र येतात, तेथे माणसाची बाजू बळकट होते. २०१४ मध्ये बिल्लासुर्गमच्या थरांचा नव्याने अभ्यास प्रसिद्ध झाला. ओळखलेल्या २१ सस्तन प्राण्यांपैकी २० किमान एक लाख वर्षांपासून आजवर टिकून आहेत असे त्यातून निष्पन्न झाले.

ही विद्या केवळ लाखो वर्षांपूर्वीच्या गोष्टींपुरती आहे असेही नव्हे. महाराष्ट्रात आजही गोठ्यातील वासरू मेले की वनखात्याचा पंचनामा होतो. मानेवरील सुळ्यांच्या खुणा, शरीराचा कोणता भाग प्रथम खाल्ला, हे पाहूनच बिबळ्या की भटकी कुत्री हे ठरते, आणि शेतकऱ्यास भरपाई मिळणे न मिळणे त्यावर अवलंबून असते. दाताची खूण चुकीची वाचली तर येथे एका घराचे नुकसान होते. डार्ट यांच्या प्रकरणात साऱ्या मनुष्यजातीवरच एक खोटा आळ आला होता.

त्या आळाचा विचार आम्हांस महत्त्वाचा वाटतो. मनुष्य मुळातच क्रूर आहे, हे मत हाडांनी सांगितलेले नव्हते. ते त्या काळाच्या मनात होते आणि हाडांवर वाचले गेले. उलट टोकाचे मतही, की आदिमानव केवळ दुबळे भक्ष्य होता, तितक्याच सावधपणे घ्यावयास हवे; कारण ओल्डुवाईच्या हाडांवर त्याच्या हाताच्या रेघा स्पष्ट आहेत. तो कधी शिकारी होता, कधी शिकार, आणि बहुधा एकाच ऋतूत दोन्ही. ज्यांच्या घराण्यांनी परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या आपली कागदपत्रे जपली, त्यांस ही शिस्त नवी वाटणार नाही. कागद असो वा हाड, त्यात आपल्या मनातील मजकूर दिसू लागला की आधी ती खूण कोणाची, हे तपासावे. कौतुक करावयाचे वा दोष द्यावयाचा, ते नंतर.